ल्युबेनचे वायपर आणि पेना आजीची कळशी

वायपर दुरुस्त करायला अर्धा तास पुरे, असं ल्युबेनने भरल्या ताटावर जाहीर केलं आणि तिथेच घात झाला. भरल्या ताटावर माणसाने जेवावं. जाहीर काहीही करू नये.

ताट होतं व्याह्यांच्या घरचं, खिंडीपलीकडच्या गावात. ल्युबेनची एकुलती एक लेक दारिना हिचं लग्न त्या घरच्या वेलिनशी ठरलं होतं आणि दोन्ही घरं पहिल्यांदाच एकत्र जेवायला बसली होती. कोकरू भाजलेलं, लाल मिरच्या भाजलेल्या, आलुबुखाराची घरगुती दारू, म्हणजे रकिया, ज्याच्या त्याच्या पुढ्यात. सगळं यथासांग होतं. फक्त ल्युबेनच्या डोक्याची डावी बाजू चिंब भिजलेली होती आणि उजवी कोरडी ठणठणीत. कारण खिंड चढताना पावसाने गाठलं, गाडीचे वायपर दोनदा हलले आणि बसले, आणि उरलेला घाट त्याने आपल्या डावीकडच्या खिडकीतून मुंडकं बाहेर काढून चालवला होता.

गाडी जुनी होती. आकाशी रंगाची, चौकोनी तोंडाची, दारिनापेक्षा वयाने मोठी. अशा गाड्या आता लोक प्रदर्शनात नेतात, पुसतात आणि परत आणतात. ल्युबेन ती चालवायचा.

नवरदेवाचे वडील त्रिफोन हे लाकूड कापायच्या गिरणीचे मालक आणि गोड बोलणारे गृहस्थ. त्यांनी स्वतः उठून टॉवेल आणून दिला आणि म्हणाले, "व्याहीबुवा, एक सुचवू का? लग्नाच्या दिवशी नवरीला आमच्या काळ्या गाडीतून येऊ द्या. नवी कोरी आहे. काचेवर थेंब पडला रे पडला की वायपर आपले आपण सुरू होतात."

"बाबांचेही आपले आपणच होतात," दारिना म्हणाली. "सुरूही आणि बंदही."

सगळे हसले. ल्युबेनही हसला, आणि मग अर्धं डोकं पुसत त्याने ते वाक्य टाकलं. "वायपरमध्ये असतं काय? एक मोटर, दोन दांड्या, चार तारा. अर्ध्या तासाचं काम आहे. दारिना माझ्याच गाडीतून येईल."

दारिनाने वडलांकडे पाहिलं. "ठीक आहे बाबा. वायपर चालले तर तुमच्या गाडीतून येईन. नाही चालले तर काळीतून. खिंडीत पाऊस असतोच. लग्नाला मी अर्धी ओली जाणार नाही."

आता ल्युबेनने एवढा हट्ट का धरला ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल की म्हातारपणी लोकांना गाडी मिरवायची हौस येते, तसंच हेही. तसं नव्हतं. दारिनाची आई, रोसित्सा, काही वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर बापलेकीत बोलणंच उरलं नव्हतं. भांडण नाही, राग नाही, नुसतं बोलणं नाही. दारिना राजधानीत, सोफियाला नोकरीला. दर रविवारी फोन करायची. "कसे आहात?" "बरा." "आजी?" "बरी." "गाडी?" आणि मग ल्युबेन पाव तास गाडीबद्दल बोलायचा. ती ऐकून घ्यायची आणि फोन ठेवायची. फोन ठेवल्यावर ल्युबेनला दर वेळी वाटायचं की आपल्याला भलतंच काहीतरी सांगायचं होतं. लग्नानंतर ती दुसऱ्या घरची होणार. त्याआधी ती आपल्या शेजारच्या सीटवर खिंड ओलांडेपर्यंत एकटी बसावी, एवढीच त्याची इच्छा होती. तेवढ्या वेळात आपण काहीतरी बोलू, असं त्याला वाटत होतं. काय बोलू, ते अजून ठरलं नव्हतं. पण त्यासाठी वायपर चालायला हवे होते.

घरी परतल्यावर ल्युबेन कामाला लागला. आधी बटण उघडलं. साफ केलं, लावलं, वायपर चालले. जलद चालले, सावकाश चालले, आणि ती जी थांबत थांबत पुसायची तिसरी खटकी असते, जी या गाडीत गेल्या वर्षापासून फक्त नावाला होती, तीसुद्धा चालली. ल्युबेनने हात पुसले आणि अंगणातून हाक मारली, "आई, झालं काम. आता चाचणीला निघतो. महत्त्वाची चाचणी आहे."

आई म्हणजे त्याची सासू, पेना आजी. रोसित्सा गेल्यानंतर ही म्हातारी जावयाच्याच घरी राहिली, कारण दोघांनाही जायला दुसरीकडे कुठे नव्हतं आणि एकमेकांची सवय झाली होती. ती कमरेला पुढे बांधलेल्या फडक्याला हात पुसत बाहेर आली, हातात तांब्या. आमच्याकडे कुणी महत्त्वाच्या कामाला निघालं, परीक्षेला, नोकरीला, पोरगी पाहायला, की घरातली बाई त्याच्या वाटेवर पाणी ओतते. काम पाण्यासारखं सरळ जावं म्हणून. पावाच्या दुकानात जाणाऱ्यावर कुणी ओतत नाही. पण 'महत्त्वाची चाचणी' हे शब्द ऐकल्यावर पेना आजी थांबणार थोडीच. गाडी फाटकापाशी आली तसा तिने तांब्या बॉनेटवर रिकामा केला.

"आई, चाकांपुढे ओततात," ल्युबेन म्हणाला.

"चाकांपुढे ओतलं की चाकंच तुडवतात ते. शकुन का तुडवायचा असतो? डोक्यावरून घातलं की काम होतं. तू जा."

ल्युबेन गेला. गावाबाहेर गुलाबाच्या शेतांपाशी पोचला, बटण ओढलं. वायपर ढिम्म.

पुढचे काही आठवडे त्या घरात जे चाललं ते पाहून शेजाऱ्यांना पहिल्यांदा करमणूक वाटली आणि नंतर काळजी. ल्युबेनने फ्यूज बदलला. अंगणात वायपर चालले, आजीने पाणी ओतलं, शेतांपाशी बंद. मग रिले बदलला. अंगणात चालले, आजीने पाणी ओतलं, शेतांपाशी बंद. अर्थिंगची तार घासून चकचकीत केली. मोटर काढून सुटी केली, स्वयंपाकघराच्या टेबलावर मांडली, पुन्हा जोडली. उरलेला एक स्क्रू खिशात ठेवला. प्रत्येक वेळी अंगणात यंत्र गुणी मुलासारखं वागायचं आणि गावाबाहेर गेलं की तोंड फिरवायचं. मधूनच, लख्ख उन्हात, कुणी न सांगता वायपर सुरू व्हायचे आणि कोरडी काच करकर घासत बसायचे. असा तो बाजारातून गेला की लोक टोप्या काढून उभे राहायचे. त्यांना वाटायचं, बिचाऱ्याचे डोळे भरून येतात आणि तो समजतो पाऊस पडतोय. एकीने तर पेना आजीला गाठून सांगितलं, "त्याला सांभाळा हो. लेक चालली ना."

पेना आजीचं निदान वेगळं होतं. "गाडीला दृष्ट लागलीय," ती म्हणाली. "त्रिफोनच्या घरचे किती बघत होते तिच्याकडे." आणि निदान झाल्यावर औषध वाढवलं. तांब्याची झाली घागर. पुढे पाण्यात झद्रावेत्सची सुगंधी पानं पडू लागली, जी आमच्याकडे लग्नाकार्याच्या पाण्यात आरोग्यासाठी घालतात. ल्युबेन सकाळी निघाला की त्याच्या गाडीला जणू देवाचं स्नान घडायचं. त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. म्हाताऱ्या माणसांनी ओतलेलं पाणी हे हवामानासारखं असतं, त्यावर कोण विचार करतो? शिवाय पाणी पुसण्यासाठीच जे यंत्र केलंय ते पाण्यानेच बिघडत असेल, हे कुणाच्या डोक्यात येणार?

शेवटी तो गाडी घेऊन शहरात मेतोदीकडे गेला. मेतोदी गाड्यांच्या विजेचं काम करायचा आणि दोघे सैन्यात बरोबर होते. निघताना अर्थात घागर झाली. वाटेत वायपर मेले. तासाभराने मेतोदीच्या दुकानापुढे गाडी उभी केली, मेतोदीने बटण ओढलं, आणि वायपर झोकात सुरू झाले. मेतोदीने अर्धी सकाळ घातली. प्रत्येक तार ओढून पाहिली. वायपर थांबेनात.

"गाडीला काही झालेलं नाही," मेतोदी म्हणाला. "तू नीट झोपतोस का, ल्युबेन?"

"वाटेत बंद होते. शपथेवर सांगतो."

"असतील. माझी सासूपण वाटेत आजारी असते आणि डॉक्टरपुढे ठणठणीत होते." मेतोदीने बॉनेट लावलं. "दारिनाला काळ्या गाडीतून जाऊ दे. तू मागून ये. बाप मागून आला म्हणून लग्न मोडत नाही."

लग्न मोडणार नव्हतं, हे ल्युबेनलाही ठाऊक होतं.

लग्नाच्या आदल्या गुरुवारी त्याने शेवटचा उपाय म्हणून काचेच्या खालची जाळी काढली. बॉनेट आणि काच यांच्यामध्ये हवा आत जायला ज्या फटी असतात, त्या जाळीखाली एक पन्हळीसारखी जागा असते. वर्षानुवर्षं तिकडे कुणी पाहत नाही. ल्युबेनने वाकून पाहिलं. पन्हळीत पाणी साचलेलं. त्या पाण्यात, वायपरच्या तारांच्या जोडावर अलगद चिकटून बसलेलं, झद्रावेत्सचं हिरवंगार पान.

तो बराच वेळ त्या पानाकडे बघत उभा राहिला. मग एकेक गोष्ट जागेवर बसू लागली. पाणी फटींतून झिरपायचं, गाडी थोडी हलली की जोडावर यायचं, वायपर मरायचे. इंजिन तासभर तापलं की जोड वाळायचा, वायपर उठायचे. म्हणून मेतोदीकडे चालायचे. म्हणून पावाच्या दुकानापर्यंत कधीच बिघडायचे नाहीत. जितकी दुरुस्ती, तितकी महत्त्वाची चाचणी. जितकी चाचणी, तितका शकुन. इतके दिवस त्याने रोग शोधला होता आणि रोग रोज सकाळी फाटकापाशी उभा राहून त्याला 'सुखाने जा' म्हणत होता.

पान चिमटीत धरून तो तरातरा परसात गेला. खरं सांगायचं तर तो चिडला होता. आठवड्यांचे आठवडे गेले होते, खर्च झाला होता, गावभर वेडा ठरला होता. पेना आजी नळापाशी बसून लग्नासाठी तांब्याची मोठी कळशी घासत होती. ती कळशी तिच्या स्वतःच्या लग्नातली.

"आई," ल्युबेन म्हणाला, "ते पाणी."

"परवा हीच काढणार," आजी वर न बघता म्हणाली. "काठोकाठ भरून. पोरीच्या वेळी मी हात आखडणार नाही. एकदा आखडला, तेवढं पुरे झालं."

"कधी आखडला?"

आजीचा हात कळशीवर थांबला. "रोसित्सा इस्पितळात तपासणीला निघाली त्या दिवशी. नळाला पाणी नव्हतं, आठवतंय ना, तेव्हा एक दिवसाआड यायचं. हंड्यात होतं थोडं. मी म्हटलं, तेवढं भाजीला लागेल. तपासणीच तर आहे, संध्याकाळी येईल परत." तिने पुन्हा घासायला घेतलं. "भाजी झाली संध्याकाळी. कुणी खाल्ली नाही."

ल्युबेनला हे माहीत नव्हतं. एका घरात, एका टेबलावर, इतकी वर्षं काढून माहीत नव्हतं. त्या दिवशी गाडी त्यानेच चालवली होती. रस्ताभर तो आणि रोसित्सा गाडीच्या क्लचबद्दल बोलले होते.

त्याने पान मुठीत दाबलं.

"कळशी छान निघालीय, आई," तो म्हणाला.

"आतून बघ. आतून जास्त छान निघालीय."

त्याने आतून पाहिली आणि परत अंगणात आला.

आता पाणी थांबवायचं नव्हतं, म्हणून त्याने फटी थांबवायचं ठरवलं. जोडाला हात लावायची सोय नव्हती, ते जुनं प्लास्टिक स्पर्शालाच तुटलं असतं. त्याने पन्हळ पुसून वाळवली, जाळी बसवली आणि जाळीवर आडवी-उभी रुंद खाकी चिकटपट्टी लावली, थरावर थर. मग स्वतःच बादलीभर पाणी ओतून पाहिलं, गावाला फेरी मारून आला. वायपर चालू. दारिनाला फोन केला. "झाले वायपर."

"खरंच?"

"खरंच."

"बरं बाबा," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात आनंद होता की नुसतं हायसं वाटलं होतं, हे त्याला ओळखता आलं नाही.

शनिवारी सकाळी घरात वाजंत्री, पाहुणे, फुलं. खिंडीपलीकडून वऱ्हाड नवरीला न्यायला आलेलं. ल्युबेन आत आरशापुढे टाय बांधत होता, चौथ्यांदा. तेवढ्यात पेना आजी गाडी सजवायला अंगणात गेली आणि तिला ती खाकी पट्टी दिसली. तिने तिकडे एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं. लग्नाची गाडी आणि कपाळावर मलमपट्टी? हे कसलं लक्षण? नखाने कड उचलून तिने एकेक थर निगुतीने सोलून काढला, ओल्या फडक्याने डाग पुसले, आणि त्या जागी पांढऱ्या साटिनची लांबच लांब फीत जाळीतून ओवून दोन्ही आरशांपर्यंत बांधली. फार सुंदर दिसत होती. सगळ्यांनी तसं म्हटलंही.

नवरी बाहेर आली. ल्युबेनने लेकीला पाहिलं. ती हुबेहूब रोसित्सासारखी दिसत होती हे म्हणायची रीत आहे, पण तशी ती दिसत नव्हती. तिचं नाक ल्युबेनचं होतं. ते नाक त्या पांढऱ्या कपड्यांत इतकं बरं दिसेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

पेना आजीने कळशी दोन्ही हातांनी उचलली. अर्धी तिने नवरीच्या वाटेवर ओतली. उरलेली अर्धी, तोंडाने काही पुटपुटत, काचेवर, बॉनेटवर, थेट मधोमध. पाणी संपलं तरी ती कळशी उपडी धरून उभी राहिली, शेवटचा थेंब पडेपर्यंत. वाजंत्री क्षणभर थांबली होती. ल्युबेनने तिला कळशी खाली ठेवायला मदत केली. पट्टी आहे या भरवशावर तो निर्धास्त होता.

"व्याहीबुवा," त्रिफोन हसत म्हणाले, "आता दाखवाच."

ल्युबेनने आत बसून बटण ओढलं. वायपर उठले, काचेवरचं पाणी आणि पानं बाजूला सारली आणि डौलात परत बसले. वऱ्हाडाने टाळ्या वाजवल्या. त्रिफोननी हात वर केले. काळी गाडी नवरदेवाला घेऊन पुढे निघाली, मागोमाग बाकीच्या हॉर्न वाजवत, आणि शेवटी आकाशी गाडी, बापलेकीला घेऊन.

खिंडीच्या पायथ्यापर्यंत दोघे फक्त हवेबद्दल बोलले. हवा चांगली होती. मग चढ लागला, ढग खाली आले आणि पाऊस सुरू झाला. ल्युबेनने बटण ओढलं. वायपर एकदा गेले, परत आले, पुन्हा अर्ध्यात गेले आणि काचेच्या मधोमध उभे राहिले. पुढच्या गाड्या धुक्यात दिसेनाशा झाल्या होत्या.

ल्युबेनने गाडी कडेला घेतली. छत्री घेऊन उतरला, जाळीपाशी वाकला, आणि तसाच परत आत येऊन बसला.

"पट्टी नाहीये."

"खाकी पट्टी? ती आजीने काढली सकाळी. म्हणाली, लग्नाच्या गाडीला मलमपट्टी कसली."

ल्युबेनने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. काचेवरून पाणी वाहत होतं, पलीकडचं काही दिसत नव्हतं. "वेलिनला फोन कर," तो म्हणाला. "काळी गाडी परत बोलव. चर्चमध्ये लोक थांबलेत." हे बोलताना त्याचा आवाज सरळ राहिला, याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं.

दारिनाने फोन काढला. लावला नाही. "आधी सांगा, वायपरला झालंय काय?"

तेव्हा त्याने सांगितलं. फटी, पन्हळ, पान, मेतोदी. ती हसू लागली. मग त्याने कळशी घासतानाचं बोलणं सांगितलं, हंड्यातलं पाणी आणि संध्याकाळची भाजी, आणि तिचं हसू थांबलं.

"आजीने मला कधीच सांगितलं नाही," ती म्हणाली.

"मलाही नाही."

"मग तुम्ही तिला अडवलं का नाहीत आज?"

"कसं अडवणार?"

दारिनाने फोन पर्समध्ये टाकला. "वायपर दोरीने ओढता येतात ना? आई सांगायची. लग्नाआधी तुम्ही दोघं समुद्रावरून असेच आला होतात म्हणे. तुम्ही तुमच्या खिडकीतून, ती तिच्या."

"तिने तुला हे सांगितलं?"

"दहादा सांगितलं. तुम्ही काहीच सांगत नाही, म्हणून सगळं तिनेच सांगितलं."

ल्युबेनने डिकीतून पाना काढला, वायपरच्या मुळाशी असलेले नट ढिले केले, म्हणजे दांड्या हाताने फिरू लागल्या. आजीची साटिनची फीत जाळीतून सोडवून दोन्ही वायपरना बांधली. एक टोक त्याच्या खिडकीतून आत, दुसरं तिच्या. फीत ओली, बुळबुळीत. हातातून सुटायला लागली म्हणून दारिनाने मनगटाला दोन वेढे घेतले आणि दातांनी गाठ मारली.

"तू ओढ. आता सोड. मी ओढतो."

"सावकाश, बाबा. हात उपटाल."

"ओढ."

"ओढतेय. नवरीच्या वेषात बैलगाडी हाकतेय असं वाटतंय."

घाटाची दोन-तीन वळणं नुसत्या ओढ-सोडमध्ये गेली. खिडक्या उघड्या, पाऊस आत, तिची बाही कोपरापर्यंत भिजलेली. मग हात लयीत पडले आणि सांगायची गरज उरली नाही. हात कामात असले की तोंडाची अडचण कमी होते. दारिनाच पहिल्यांदा बोलली.

"आई गेल्यावर तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत."

"मला वाटायचं, तू बोलशील."

"कुणाशी बोलणार? तुमचं तोंड दिसायचं कुठे? मी सोफियाहून यायची आणि मला गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय दिसायचे. मी पायांना नमस्कार करून परत जायची."

ल्युबेनने ओढायची पाळी चुकवली. काच पाण्याने भरली. तिने दोनदा ओढून घेतलं.

"मला जमत नव्हतं," तो म्हणाला. "घरात यायचो तर सगळीकडे ती असायची. गाडीखाली नव्हती. मी चुकलो, दारिना. तू एकटी पडलीस आणि मला ते दिसत होतं."

"मग आज का हट्ट धरलात गाडीचा?"

"गाडीचा नाही धरला. तुझ्याशेजारी बसायचं होतं."

आता दारिनाचे डोळे वाहत होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता, कारण काच पुसायची होती. ल्युबेनची अवस्था तीच. असा तो उतार बापलेकीने उतरला, काच लख्ख आणि चेहरे ओले.

गावाच्या अलीकडे पाऊस थांबला. ल्युबेन उतरला आणि त्याने दांड्यांचे नट पुन्हा पक्के आवळले. लोंबकळणारे वायपर घेऊन व्याह्यांच्या दारात जाणं त्याला बरं वाटेना. आपल्याकडचं टोक त्याने सोडून दिलं, पण दारिनाच्या मनगटाची गाठ ओली होऊन फुगली होती. नखाने सुटेना.

"कापतो," तो म्हणाला. त्याच्याकडे चाकू होता.

"कापू नका. आजीने बांधलेली फीत आहे, लग्नाच्या दिवशी कुणी कापतं का? चर्चपाशी उतरल्यावर सावकाश सोडू. सगळे थांबलेत, चला."

चर्चसमोर अख्खं गाव उभं होतं. वऱ्हाड कधीच पोचलेलं, काळजीत. वेलिन रस्त्याच्या मधोमध. आकाशी गाडी वळणावरून आली तसे सगळे गप्प झाले, बायकांनी मुलांना आवरलं, धर्मगुरूंनी झगा सारखा केला. ल्युबेनने संथपणे गाडी आणली आणि उभी केली. इंजिन अजून चालू होतं आणि घाटभर तापून लाल झालं होतं. जोड वाळला होता. खिंडीत ओढलेलं बटण तसंच ओढलेलं होतं, आणि नेमकं तिसऱ्या खटकीवर.

वायपर उठले. त्यांच्याबरोबर फीत उठली, आणि फितीबरोबर खिडकीवर विसावलेला नवरीचा हात उठला, काचेच्या दिशेने डौलाने गेला आणि परत आला. थांबला. मग पुन्हा उठला.

गर्दीला वाटलं, नवरी हात हलवतेय. पुढच्या रांगेतल्या म्हातारीने परत हात हलवला. मग तिच्या शेजारणीने. मग सगळ्यांनी. वेलिनने दोन्ही हात वर केले. धर्मगुरू क्षणभर घुटमळले, पण तेही हलवू लागले. आणि दारिना, लाल डोळ्यांची, भिजल्या बाहीची, खिडकीत डोकं टेकवून पोट धरून हसत होती. तिचा हात मात्र अत्यंत गंभीरपणे, योग्य तेवढं थांबून थांबून, गावाचं अभिवादन स्वीकारत होता.

त्रिफोन गाडीपाशी आले. काचेकडे बघितलं, वाकून ल्युबेनच्या खिडकीत आले आणि मनापासून म्हणाले, "व्याहीबुवा, शब्दाचे पक्के हो तुम्ही. वायपर झकास चालतायत."

ल्युबेनचा हात किल्लीवर होता. एकदा फिरवली की सगळं थांबलं असतं. पण असं हसताना त्याने लेकीला फार वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि गाडी बंद झाली की तिला उतरावं लागणार होतं.

"धन्यवाद," तो त्रिफोनना म्हणाला, आणि इंजिन तसंच चालू ठेवलं.